पेरीच्या कोठडीतला माणूस

१९ एप्रिल १९९५, बुधवार. ओक्लाहोमा राज्यातून उत्तरेला कॅन्ससकडे जाणाऱ्या पस्तीस क्रमांकाच्या महामार्गावर चार्ली हँगर हा महामार्ग पोलीस गस्त घालत होता. सकाळचे सव्वादहा वाजून गेले होते. एक जुनी पिवळी मर्क्युरी गाडी पुढे चालली होती आणि तिला मागे नंबरप्लेट नव्हती. हँगरने ती थांबवली. आतून उतरला तो गोरा, उंच, सडपातळ तरुण. केस लष्करी पद्धतीने बारीक कापलेले, वागणे सभ्य. जाकिटाखालचा फुगवटा पाहून हँगरने विचारले, तेव्हा आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे त्याने सरळ सांगून टाकले. किरकोळ गुन्हे नोंदवून हँगरने त्याला पेरी या गावी नेले. तिथल्या न्यायालयाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर छोटा तुरुंग होता. तिथे त्याला कैद्यांचा नारिंगी पोशाख मिळाला आणि त्याच्या अंगावरचा टी-शर्ट जमा झाला. त्या टी-शर्टवर पुढच्या बाजूला अब्राहम लिंकन यांचे चित्र होते आणि त्याखाली लिंकनच्या मारेकऱ्याने हत्येनंतर उच्चारलेली लॅटिन घोषणा. पाठीवर रक्त ठिबकणारे झाड होते.

त्याचे नाव टिमथी मॅकव्हे. वय २६. आखाती युद्धात लढलेला, ब्राँझ स्टार मिळवलेला माजी सैनिक.

त्याआधी सव्वा तास, बरोबर नऊ वाजून दोन मिनिटांनी, ओक्लाहोमा सिटीतल्या आल्फ्रेड मरा फेडरल बिल्डिंगसमोर भाड्याने घेतलेला एक ट्रक फुटला होता. त्यात अमोनियम नायट्रेट, म्हणजे शेतकरी वापरतात तेच खत, आणि इंधन मिसळून केलेला दोन टनांहून अधिक वजनाचा बॉम्ब होता. नऊ मजली इमारतीचा दर्शनी भाग पार कोसळला. दुसऱ्या मजल्यावर कर्मचाऱ्यांच्या मुलांचे पाळणाघर होते. एकूण १६८ माणसे मेली, त्यांत १९ मुले. अमेरिकेच्या भूमीवर तोवर इतका मोठा दहशतवादी हल्ला झाला नव्हता.

हल्लेखोर त्या वेळी पेरीच्या तुरुंगात होता आणि पुढचे दोन दिवस तिथेच राहिला. त्या दोन दिवसांत अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या पडद्यांवर, पानांवर त्याचा शोध दुसरीकडेच चालला होता. पाश्चात्त्य पत्रकारितेने मुसलमानांची प्रतिमा कशी घडवली याचा इतिहास लिहायचा तर ११ सप्टेंबर २००१ पासून सुरुवात करण्याची प्रथा पडली आहे. या दोन दिवसांतून जास्त कळते, कारण यात मुसलमानांनी काहीच केलेले नव्हते.

धूर निवळायच्या आत हेलिकॉप्टरमधून चित्रण सुरू झाले. इमारतीचा अर्धा देह गळून पडलेला, लोंबणाऱ्या सळया, रस्त्यावर रक्तबंबाळ माणसे. ही दृश्ये देशभर थेट जात होती. चोवीस तास बातम्या देणारी प्रमुख वाहिनी तेव्हा एकच, सीएनएन. पण त्या दिवशी एबीसी, सीबीएस, एनबीसी यांनीही आपले नेहमीचे कार्यक्रम बाजूला सारले. थेट प्रक्षेपणाची एक अडचण असते. दृश्य अखंड चालू राहते, माहिती मात्र तासातासाने चिमूटभर येते. मधली पोकळी भरायला माणसे लागतात. अशा वेळी वृत्तकक्षातली दूरध्वनींची वही उघडते आणि तज्ज्ञ बोलावले जातात. त्या वहीत ‘दहशतवाद’ या शब्दापुढे जी नावे होती, ती जवळजवळ सगळी मध्यपूर्वेवर बोलणाऱ्यांची होती. अमेरिकेतल्या सशस्त्र, सरकारद्वेष्ट्या गोऱ्या संघटनांचा अभ्यास करणारी माणसे होती, पण ती त्या वहीत नव्हती.

स्फोटानंतर काही तासांतच सीबीएसचे जिम स्टुअर्ट यांनी वॉशिंग्टनमधली अटकळ मध्यपूर्वेतल्या दहशतवाद्यांकडे झुकत असल्याचे सांगितले. एबीसीच्या जॉन मॅकवेदी यांनी बॉम्बच्या ताकदीवरूनच मध्यपूर्वेशी धागा जोडला. ओक्लाहोमाचे माजी काँग्रेस सदस्य आणि प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीचे माजी अध्यक्ष डेव्ह मॅकर्डी यांनी इस्लामी मूलतत्त्ववादी गटांविषयी ‘स्पष्ट पुरावा’ असल्याची भाषा वापरली. आणि त्या रात्री सीबीएसवर स्टीव्हन इमर्सन बोलले. जास्तीत जास्त माणसे मरावीत या हेतूने हे केले आहे आणि हे मध्यपूर्वेचे लक्षण आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हे शेवटचे विधान नीट पाहण्याजोगे आहे. त्यात संशयिताचे वर्णन नाही, कसला दुवा नाही, ट्रकचा पत्ता नाही. एका भूभागातल्या कोट्यवधी माणसांचा स्वभाव सांगितला आहे आणि त्या स्वभावावरून गुन्हेगार ओळखला आहे. ड्रेस्डेन आणि हिरोशिमा ज्या शतकात बॉम्बखाली बेचिराख झाले, त्याच शतकात हे वाक्य बोलले गेले आणि स्टुडिओत कोणी त्यांना अडवले नाही.

इमर्सन नवखे नव्हते. आदल्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या जिहादी संघटनांवरचा त्यांचा माहितीपट पीबीएसवर गाजला होता. शंकेलाही आधार होता, हे मान्य करायला हवे. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात एक भाड्याची व्हॅन उडवली गेली होती. सहा माणसे मेली, हजारावर जखमी झाली. त्याचा सूत्रधार रम्झी युसुफ फेब्रुवारी १९९५ मध्ये इस्लामाबादेत पकडला गेला, आणि अंध शेख उमर अब्दुल रहमान यांच्यावरचा खटला न्यूयॉर्कमध्ये चालूच होता. पुन्हा भाड्याचे वाहन, पुन्हा सरकारी वा प्रतीकात्मक इमारत. तपास अधिकाऱ्याच्या मनात न्यूयॉर्क आले तर त्याला दोष देता येणार नाही. तेच त्याचे काम. पण अधिकारी दहा शक्यता फळ्यावर लिहितो आणि एकेक खोडत जातो. वाहिनीवर त्यांतली एकच शक्यता बोलली गेली, आणि लाखो घरांत ती शक्यता म्हणून नव्हे, बातमी म्हणून पोचली.

या घाईमागे सोळा वर्षांची तयारी होती. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत विद्यार्थी घुसले. बावन्न अमेरिकी ४४४ दिवस ओलीस राहिले. एबीसीने चारच दिवसांनी रात्री उशिराचा विशेष कार्यक्रम सुरू केला आणि ओलीस धरल्याचा आज कितवा दिवस, हे त्याच्या शीर्षकातच येऊ लागले. त्याच कार्यक्रमातून मार्च १९८० मध्ये टेड कॉपेल यांचा ‘नाइटलाइन’ जन्मला. सीबीएसचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉनकाइट आपल्या बातम्यांच्या शेवटी दिवसांची मोजदाद सांगत. अमेरिकी घरांनी ‘इस्लाम’ हा शब्द रोजच्या रोज ऐकायला सुरुवात केली ती इथून: मुठी आवळलेला जमाव, काळ्या चादरीतल्या बायका, जळणारा झेंडा. तेहरानमध्ये जमलेल्या परदेशी बातमीदारांपैकी बहुतेकांना फारसी येत नव्हती. १९५३ मध्ये अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणांनी इराणचे निवडून आलेले पंतप्रधान मोसादेक यांना पाडायला हातभार लावला होता. त्या जमावाच्या रागाची एक मुळी तिथे होती. पण रोजच्या दिवसमोजणीत सव्वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीला जागा सापडत नव्हती.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या एडवर्ड सईद यांनी या सगळ्याचा पंचनामा करून १९८१ मध्ये ‘कव्हरिंग इस्लाम’ हे पुस्तक लिहिले. शीर्षकातल्या इंग्रजी क्रियापदाला दोन अर्थ आहेत, बातमी देणे आणि झाकून टाकणे. मराठीत ‘वार्तांकन’ म्हटले की दुसरा अर्थ निसटतो, आणि सईद यांचा मुद्दा नेमका त्या दुसऱ्या अर्थात होता. मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेल्या, शेकडो भाषा बोलणाऱ्या समाजांवर एकाच शब्दाची चादर ओढली की आतले काही दिसत नाही.

१९ एप्रिलला सईद व्याख्यानांसाठी कॅनडात होते. त्या दुपारी त्यांना वर्तमानपत्रांचे, वाहिन्यांचे पंचवीसएक फोन आले. ओक्लाहोमाविषयी त्यांना काय माहीत असणार? काहीच नाही. पण ते जन्माने पॅलेस्टिनी होते, मध्यपूर्वेवर लिहीत होते, म्हणजे इतरांपेक्षा त्यांना काही ठाऊक असेलच, असा फोन करणाऱ्यांचा हिशेब होता. सईद मुसलमान नव्हते, जेरुसलेममध्ये ख्रिस्ती कुटुंबात जन्मले होते, ही गोष्टही त्या हिशेबात कुठे बसत नव्हती. पुस्तकाच्या १९९७ च्या आवृत्तीत त्यांनी हा अनुभव नोंदवला आहे.

गुरुवारी, २० एप्रिलला, वर्तमानपत्रे आली. एका छायाचित्राने जग हलले. ते एका हौशी छायाचित्रकाराने, बँकेत नोकरी करणाऱ्या तरुणाने काढलेले होते. हेल्मेट घातलेला अग्निशमन दलाचा जवान दोन्ही हातांवर एक वर्षाचे निष्प्राण मूल घेऊन त्याच्याकडे पाहतो आहे. त्या छायाचित्राला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. लंडनच्या ‘टुडे’ या दैनिकाने ते पहिल्या पानावर छापले आणि त्यावर मोठ्या टाइपात मथळा दिला: इस्लामच्या नावाने.

ओल्या जखमेच्या जागी, मेलेल्या बाळाच्या डोक्यावर हे शब्द. वाचकाला त्यानंतर आतला मजकूर वाचायची गरजच उरत नाही. मजकुरात ‘शक्यता’, ‘संशय’, ‘सूत्रांच्या मते’ असे शब्द असतील, पण ते सातव्या आठव्या ओळीत. मथळा आणि चित्र डोळ्यांत एकदम शिरतात आणि एकमेकांना चिकटून राहतात. शुक्रवारी न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्तंभलेखक ए. एम. रोझेन्थल, त्या पत्राचे माजी कार्यकारी संपादक, मध्यपूर्वेतला दहशतवाद संपवायचे आपले प्रयत्न निष्फळ ठरत असल्याचे लिहीत होते. अग्रलेखांतून सूड, प्रवेशबंदी, बॉम्बफेक यांची चर्चा सुरू झाली होती.

या वाक्यांचे पुढे काय होते हे दोन माणसांच्या वाट्याला काय आले त्यावरून समजते.

पहिला जॉर्डनमध्ये जन्मलेला अमेरिकी नागरिक, ओक्लाहोमा सिटीतच राहणारा. बुधवारी तो नातलगांना भेटायला निघाला होता. शिकागोच्या विमानतळावर त्याला चौकशीसाठी थांबवले. त्याचे विमान चुकले, सामान मात्र पुढे रोमला गेले. दुसऱ्या विमानाने तो लंडनला पोचला, तर तिथे पुन्हा पकडून, अंगझडती घेऊन, बेड्या घालून त्याला अमेरिकेत परत पाठवले. त्याच्या बॅगांत तारा आणि अवजारे सापडल्याची बातमी झाली. चौकशीतून काहीच निघाले नाही आणि त्याला सोडून दिले. तोवर त्याचे नाव जगभर फिरले होते आणि त्याच्या घराच्या अंगणात लोकांनी कचरा आणून टाकला होता.

दुसरी एक इराकी स्त्री. सद्दामच्या राजवटीतून निसटून निर्वासित म्हणून ओक्लाहोमा सिटीत आलेली, शिया, गरोदर. गुरुवारी तिच्या घरावर दगड आले, खिडक्या फुटल्या, बाहेरून शिव्या ऐकू आल्या. ती लपून बसली. तिला रक्तस्राव सुरू झाला आणि पोटातले मूल गेले. अमेरिकेतल्या मुसलमानांच्या ‘केअर’ या संस्थेने त्या दिवसांत झालेल्या धमक्या, मारहाण, मशिदींवरचे हल्ले अशा दोनशेहून अधिक घटनांची नोंद करून अहवाल काढला, त्यात ही घटना आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी अशी म्हण आपल्याकडे आहे. इथे संन्याशाला फाशी देणारे बहुतेक हात साध्या माणसांचे होते. त्यांनी त्या दिवशी दूरचित्रवाणीवर जे ऐकले ते खरे मानले.

आणि याच दोन दिवसांत खरा तपास वेगळ्याच वाटेने चालला होता. बुधवारीच अवशेषांपासून काही अंतरावर ट्रकचा एक वाकलेला ॲक्सल सापडला. त्यावर वाहनाची ओळख सांगणारा क्रमांक कोरलेला होता. तो क्रमांक कॅन्ससमधल्या जंक्शन सिटीतल्या एका दुकानाकडे घेऊन गेला, जिथून रायडर कंपनीचा ट्रक ‘रॉबर्ट क्लिंग’ अशा खोट्या नावाने भाड्याने घेतला होता. दुकानातल्या माणसांच्या आठवणीवरून दोन रेखाचित्रे तयार झाली. गुरुवारी दुपारी एफबीआयचे वेल्डन केनेडी यांनी ती पत्रकारांपुढे ठेवली: दोन गोरे पुरुष. १९९३ चा गुन्हाही असाच, व्हॅनच्या तुकड्यावरच्या क्रमांकावरून उकलला होता. तज्ज्ञांनी दोन घटनांत साम्य शोधले होते ते हल्लेखोरांच्या वंशात. खरे साम्य लोखंडाच्या तुकड्यात होते.

दुसरीकडे बघायला लावणारी माहितीही त्या दिवशी उपलब्ध होती. तारीख १९ एप्रिल. दोन वर्षांपूर्वी याच दिवशी टेक्सासमधल्या वेको इथे ब्रँच डेव्हिडियन पंथाच्या आवाराला एफबीआयने घातलेला वेढा आगीत संपला होता आणि लहान मुलांसकट सत्तरहून अधिक माणसे जळून मेली होती. उजव्या सशस्त्र गटांसाठी, म्हणजे मिलिशियांसाठी, ती तारीख सरकारविरुद्धच्या सुडाचे नाव झाली होती. गुन्हेगारांचे मानसचित्र रेखाटणारे एफबीआयचे तज्ज्ञ क्लिंटन व्हॅन झांट यांनी तारीख पाहूनच सांगितले होते, की हे वेकोच्या रागातून आलेले आहे. माणूस गोरा असेल, तरुण असेल, सैन्यातून आलेला असेल. ज्या मिलिशियांवर बहुतेक वृत्तकक्षांचे लक्ष नव्हते, त्यांच्याविषयी अशा गटांवर नजर ठेवणाऱ्या सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेचे मॉरिस डीस यांनी ऑक्टोबर १९९४ मध्येच ॲटर्नी जनरल जेनेट रीनो यांना पत्र लिहून सावध केले होते.

याहून धक्कादायक गोष्ट जुन्या न्यायालयीन कागदांत होती. ‘द कॉव्हेनंट, द सोर्ड अँड द आर्म ऑफ द लॉर्ड’ असे बायबलच्या थाटाचे नाव लावणाऱ्या एका वंशवादी टोळीने १९८३ मध्ये ओक्लाहोमा सिटीतली हीच मरा बिल्डिंग उडवायचा बेत आखला होता. १९८८ मध्ये आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथच्या खटल्यात त्याविषयी साक्ष झाली होती. त्या बेतात असलेला रिचर्ड स्नेल याने एका दुकानदाराचा ज्यू समजून खून केला होता. त्यासाठी त्याला आर्कान्सात मृत्युदंड दिला गेला. तो दिवस होता १९ एप्रिल १९९५, स्फोटानंतर बारा तासांनी. तीच इमारत, तीच तारीख. कात्रणे काढून पाहणाऱ्या एखाद्या बातमीदाराला हा धागा बुधवारी दुपारीच दिसला असता. पण कात्रण काढायला आधी शंका यावी लागते, आणि त्या दुपारी शंका दुसऱ्याच ठिकाणी स्थिरावली होती.

पेरीत काय चालले होते? गुरुवारी मॅकव्हेच्या जामिनाची सुनावणी व्हायची होती. न्यायाधीश एका घटस्फोटाच्या खटल्यात गुंतले होते म्हणून ती शुक्रवारवर गेली. वेळेवर झाली असती तर कदाचित थोडी रक्कम भरून तो निघून गेला असता. जंक्शन सिटीतल्या ड्रीमलँड मोटेलच्या मालकिणीने रेखाचित्र ओळखले. तिथल्या नोंदवहीत त्याने खरे नाव लिहिले होते. ते नाव संगणकात घातल्यावर, पेरी ज्यात येते त्या नोबल काउंटीची नोंद समोर आली. शुक्रवारी सकाळी एफबीआयचा फोन गेला तेव्हा तो सुनावणीचीच वाट पाहत होता.

दुपारी त्याला बाहेर आणले. नारिंगी कपडे, हातापायांत बेड्या, दगडी चेहरा, बाहेर जमलेला संतप्त जमाव. ते दृश्य जगाने पाहिले.

त्या क्षणी पत्रकारितेची भाषा बदलली, आणि या सगळ्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट तीच आहे. चूक झाली, सुधारली गेली, असे म्हणून इतिहास पुढे जाऊ शकत नाही. बुधवारी आणि गुरुवारी प्रश्न होता, ‘ते’ असे का असतात? शुक्रवारपासून प्रश्न झाला, ‘हा’ असा का झाला? बातमीदार न्यूयॉर्क राज्यातल्या पेंडलटन गावी पोचले, मॅकव्हेचे शिक्षक, शेजारी, लष्करातले सोबती शोधून काढले. आईवडिलांचा घटस्फोट, एकाकीपण, बंदुकांचे वेड, विशेष दलाच्या निवडीतून बाहेर पडल्याची निराशा, अशा पदरांपदरांनी एक माणूस उभा राहिला. मिलिशियांवरही उत्तम शोधलेख आले. हे सगळे योग्यच होते. खुन्यालाही चरित्र असते. पण गोऱ्या माजी सैनिकांनी निषेधाची निवेदने काढावीत असे कोणी म्हटले नाही. अपस्टेट न्यूयॉर्कमधल्या कॅथलिक कुटुंबांकडे कोणी संशयाने पाहिले नाही. जमातीला दोषी ठरवणारा तर्क दुसऱ्या जमातीला लावला गेला नाही, तो नुसता गळून पडला. पुढच्या वेळी पुन्हा उचलायला तो तसाच पडून राहिला.

पुढची वेळ त्याच शहरात आली. दुसऱ्या रेखाचित्रातला माणूस सापडत नव्हता. एफबीआयने जूनमध्ये सांगितले, की ते वर्णन स्फोटाशी संबंध नसलेल्या एका सैनिकाशी जुळते. तो दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात आला होता आणि साक्षीदाराच्या आठवणीत दिवस मिसळले. तरीही एका स्थानिक वाहिनीने त्याच जूनमध्ये, चेहरा धूसर करून, शहरातल्या एका इराकी निर्वासिताकडे बोट दाखवले. ओळखणाऱ्यांनी ओळखले. तो स्वतः पत्रकारांसमोर आला, आपण कुठे होतो ते सांगू लागला, बदनामीचा दावाही केला. न्यायालयांनी दावा फेटाळला.

या हल्ल्यातून निघालेला कायदाही बघण्यासारखा आहे. बळी ओक्लाहोमाचे, खुनी न्यूयॉर्कचा. २४ एप्रिल १९९६ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी दहशतवादविरोधी कायद्यावर सही केली. त्यात परदेशी नागरिकांना गुप्त पुराव्याच्या आधारे देशाबाहेर काढण्यासाठी विशेष न्यायालयाची तरतूद होती. त्या न्यायालयापुढे एकही खटला गेला नाही, पण स्थलांतराच्या प्रकरणांत गुप्त पुरावा वापरण्याची पद्धत त्या वर्षांत चालू राहिली आणि तिचा मारा प्रामुख्याने अरब व मुसलमान स्थलांतरितांवर झाला. ऑक्टोबर २००० मधल्या अध्यक्षीय वादसभेत याच पद्धतीविरुद्ध बोलणारे उमेदवार होते जॉर्ज डब्ल्यू. बुश. वर्षभराने काळ पालटला. मॅकव्हेला ११ जून २००१ रोजी इंडियानातल्या टेर होट इथे विषारी इंजेक्शनने मृत्युदंड दिला गेला. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले.

त्या हल्ल्यामागे खरोखरच मुसलमान होते, आणि त्यांनी इस्लामचे नाव घेऊन तीन हजारांच्या आसपास माणसे मारली. ही गोष्ट झाकणे म्हणजे सईद यांच्या शीर्षकातल्या दुसऱ्या अर्थाचीच पुनरावृत्ती ठरेल. पण सहा वर्षांपूर्वी ओक्लाहोमात जे घडले होते ते आता देशभर घडले. १५ सप्टेंबरला ॲरिझोनातल्या मेसा शहरात पेट्रोलपंप चालवणाऱ्या एका शीख गृहस्थाला गोळी घातली गेली. दाढी आणि पगडी एवढाच त्याचा गुन्हा. पंजाबातून गेलेल्या त्या माणसाला मारणाऱ्याने दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या चेहऱ्याचा शोध घेतला होता.

चुकीची सवय टिकून असल्याचे पुरावे सांगत बसले तर लेख संपणार नाही. १७ जुलै १९९६ ला न्यूयॉर्कहून निघालेले टीडब्ल्यूए ८०० हे विमान समुद्रावर फुटले, २३० माणसे मेली, आणि बॉम्बची चर्चा महिनोन्महिने चालली. तपासाअंती कारण निघाले इंधन टाकीचा स्फोट. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत ओस्लो आणि उटोया बेटावर ७७ माणसे मारली गेली. लंडनच्या ‘सन’ने दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर अल-कायदाच्या नावाने मथळा देऊन त्याला नॉर्वेचे ९/११ म्हटले. मारेकरी अँडर्स ब्रेविक, मुसलमानांचा द्वेष करणारा नॉर्वेजियन, आदल्या संध्याकाळीच पकडला गेला होता.

आणि जानेवारी २०१५ मध्ये, पॅरिसमधल्या ‘शार्ली एब्दो’ हत्याकांडानंतर, स्टीव्हन इमर्सन पुन्हा एकदा दूरचित्रवाणीवर होते, या वेळी फॉक्स न्यूजवर. ब्रिटनमधले बर्मिंगहॅम पूर्णपणे मुसलमानांचे शहर झाले असून तिथे इतर धर्मीय जात नाहीत, असे त्यांनी सांगितले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्या शहरात मुसलमान पाचातले एक होते. पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी इमर्सन यांना जाहीरपणे मूर्ख म्हटले. इमर्सन यांनी माफी मागितली, फॉक्सने पडद्यावर दिलगिरी व्यक्त केली. ओक्लाहोमा आणि बर्मिंगहॅम यांच्यामध्ये वीस वर्षे गेली, पण तज्ज्ञाची खुर्ची गेली नाही. बातमीदार चुकला तर त्याला खुलासा छापावा लागतो, क्वचित नोकरीही जाते. तज्ज्ञाचे भाकीत खोटे ठरले तर ते कोणी मोजतच नाही.

मोजमाप करणारे संशोधक नंतर आले. २००६ ते २०१५ या काळात अमेरिकेत झालेल्या हल्ल्यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. मृतांची संख्या, लक्ष्य, अटक अशा बाबी हिशेबात धरल्यावरही, हल्लेखोर मुसलमान असेल तर बातम्यांचे प्रमाण सरासरी ३५७ टक्के जास्त, असे त्यात आढळले. हा आकडा प्रत्येक बातमी खोटी असल्याचे सांगत नाही. कोणती खरी बातमी किती वेळा सांगितली जाते, हे तो सांगतो. साडेचार पटींहून जास्त वेळा ऐकलेली गोष्ट मनात तेवढीच खोल रुजते, आणि मग पुढच्या स्फोटाच्या दिवशी पहिला अंदाज कोणाच्याही ओठांवर आयता येतो.

मरा बिल्डिंगच्या जागी आता स्मारक आहे. १९ एप्रिल २००० रोजी ते खुले झाले. दोन मोठी ब्राँझची द्वारे आहेत, एकावर ९:०१ ही वेळ आणि दुसऱ्यावर ९:०३. मधल्या मिनिटात उथळ पाण्याचा लांब तलाव. बाजूच्या हिरवळीवर १६८ रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या आहेत, मृत ज्या मजल्यावर होते त्या मजल्यांप्रमाणे रांगा लावून. त्यांतल्या १९ खुर्च्या आकाराने लहान आहेत. तीन खुर्च्यांवर आईच्या नावाखाली तिच्या पोटातल्या, न जन्मलेल्या बाळाचेही नाव कोरलेले आहे. त्याच शहरात दुसऱ्या दिवशी, फुटलेल्या खिडकीच्या आत, इराकी निर्वासित बाईच्या पोटात मेलेले मूल त्या मोजणीत नाही.